मधला तुकडा उलटा होता

ओख्याच्या गाडीत सत्तरी ओलांडलेला माणूस दिसला की कुठे चाललात असं कुणी विचारत नाही. द्वारकेलाच, हे सगळ्यांनी धरलेलं असतं. नागपुरात आमच्या नंदनवन वस्तीतल्या शेजाऱ्यांनीही तेच धरलं. एकीने आपल्या नावाने तुळशी वाहायला सांगितलं. मुलाने खालचा बर्थ काढून दिला, सुनेने सांबारवडी आणि तिखट पुऱ्या बांधल्या. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. गैरसमज चालू द्यायची मला जुनी सवय आहे, आणि हा प्रवास त्या सवयीपायीच करावा लागला.

सामानात पुठ्ठ्याची एक सपाट फाइल होती आणि तिच्यात एक एक्स-रे. तो एका प्रवाळाचा होता. तीस वर्षांहून जास्त काळ तो माझ्या घरी कपाटामागे उभा होता. तो तिथे नसायला हवा होता. म्हणून आधी त्याची हकिकत सांगतो, प्रवास मग.

मी नागपुरातल्या एका संस्थेत भूशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिची नव्हती. माझं काम दगड कापायचं. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीवर पातळ काप काढायचे, घासायचे, काचेवर चिकटवायचे. माझा हात चांगला होता, असं लोक म्हणत आणि मलाही ते ऐकायला आवडे.

सावनेरजवळच्या खाप्याची मंदा भोयर तेव्हा आमच्याकडे संशोधन करायची. तिचा विषय द्वारका आणि ओख्यामधल्या किनाऱ्यावरचे जुने प्रवाळ. प्रवाळ म्हणजे समुद्रातला बारीकसा जीव. पाण्यातून चुना घेऊन तो स्वतःभोवती सांगाडा बांधतो, जुन्या मजल्यावर नवा मजला चढवत जातो. चुन्याबरोबर स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्यही किंचित आत जातं. पाणी थंड असलं की जास्त, कोमट असलं की कमी. दर वर्षाचा एक पट्टा तयार होतो, झाडाच्या खोडात कडं असतं तसा. डोळ्यांना तो दिसत नाही, एक्स-रेत दिसतो. मग त्या पट्ट्यांवर ओळीने बारीक ड्रिल चालवून चिमूटभर पूड काढायची, प्रत्येक चिमूट वेगळ्या कुपीत भरायची आणि तपासायची. लाखाहून जास्त वर्षांपूर्वी मेलेला जीव त्या काळचा समुद्र वर्षावर्षाने किती तापला, किती निवला ते सांगतो. अट एवढीच की पट्टे क्रमाने असले पाहिजेत.

मंदाचा काप हातभर लांब होता. नागपूरच्या महाल भागातल्या एका क्लिनिकमध्ये माणसांचे एक्स-रे संपले की दुपारी आमचा दगड टेबलावर चढे. पाकिटावर नाव लिहिल्याशिवाय तिथला कंपाउंडर फिल्म देईना. मंदा म्हणाली, "लिहा, प्रवाळ भोयर." त्याने लिहिलं. पुढे स्त्री लिहिलं. वय विचारल्यावर ती म्हणाली, "लाखाच्या वर." त्याने वय कोरं सोडलं.

फिल्म काढून झाली आणि आठवडाभराने पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे रोगराई घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. मला मिरवणूक गाठायची होती, म्हणून सकाळीच येऊन मी काप घासायला घेतला. घाईत तो ओल्या हातातून निसटला आणि फरशीवर पडून तीन तुकडे झाले. कडा वेड्यावाकड्या तुटल्या होत्या. नीट चिकटावं म्हणून मी त्या करवतीवर सरळ करून घेतल्या. सरळ झाल्यावर मधला तुकडा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायला लागला. वरची दिशा दाखवणारा पेन्सिलीचा बाण घासताना आधीच गेला होता. मी अंदाजाने एक बाजू वर केली, दोन ट्यूबांचा डिंक लावला, फटी पांढऱ्या लुकणाने भरल्या आणि काप काचेवर बसवला. मग मारबत पाहायला गेलो.

मंदाने विचारलं, "काका, हे जोड कायचे?" मी म्हणालो, "जुन्याच भेगा होत्या, पक्क्या करून देल्ल्या."

तिने वर्षभर ड्रिल चालवून पूड तपासली. आकडे विचित्र आले. समुद्र हळूहळू निवत असताना एकदम गार पडला, मग काही वर्षं चढत गेला आणि पुन्हा एकदम गार पडला. सरांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, फार आनंद झाला. एका परिषदेत त्यांनी ते सांगूनही टाकलं. मग त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने त्याच प्रवाळाचा दुसरा काप तपासला. त्यात धक्के नव्हतेच. सरळ उतार होता. सर सगळ्यांसमोर मंदाला म्हणाले, "आकडे घरी बसून लिहिलेस." तिचा काप त्यांनी ताब्यात घेतला.

उरली फिल्म. ती मी कपाटातून काढून खिडकीच्या काचेला लावली आणि दोन मिनिटांत मला कळलं. सांगाड्याच्या रेघा वर जाताना पंख्यासारख्या उघडतात. फिल्म काप अखंड असतानाची, तिच्यात त्या खालपासून टोकापर्यंत वर उघडत होत्या; मी चिकटवलेल्या मधल्या तुकड्यात त्या खाली उघडताना मी पाहिल्या होत्या. माझा तुकडा डोक्यावर उभा होता. त्या वर्षी मला नोकरीत कायम करणार होते. मी फिल्म शर्टाखाली पोटाशी धरली आणि घरी नेली.

मंदा संशोधन सोडून गेली. सर पुढे वारले. मी निवृत्त झालो. गेल्या हिवाळ्यात विभागाने जुन्या लोकांना चहाला बोलावलं. तिथे एका प्राध्यापकाने नव्या मुलांना गोष्ट सांगितली, की इथे एक मुलगी होती, तिने घरी बसून समुद्र थंड केला. मुलं हसली. माझ्या हातात समोसा होता. मी तो खाल्ला, हे मला आठवतं. घरी येऊन कपाट पुढे ओढलं.

खाप्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून मंदाचा नंबर मिळाला. ती ओख्याकडे एका मिठागराच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, असं कळलं. फोन केला तर तिने आवाज लगेच ओळखला. "काटोलकर काका! दर्शनाले येता का? माह्याकडेच उतरा." मी हो म्हणालो.

गाडीत

प्रवास एक दिवस आणि वर काही तासांचा आहे. लिहिण्यासारखं त्यात थोडंच घडलं. माझ्यासमोर राजकोटचं एक जोडपं होतं. सांबारवडी म्हटल्यावर बाईंनी वाटी पुढे केली, त्यांना काहीतरी पातळ मिळेलसं वाटलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगितल्यावर त्या हसल्या आणि दोन वड्या कोरड्याच खाल्ल्या. नंतर त्यांनी मला खाकरे दिले.

मी फाइल उशाशी घेऊन बसलो होतो. तिच्यातून फिल्मचा कोपरा बाहेर आलेला पाहून बाईंनी हळूच हिंदीत विचारलं, "भाईसाहब, किसका है? आपका?" मी नाही म्हटलं तरी यजमानांनी ती मागून घेतली आणि खिडकीला धरली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हड्डी बहुत घिस गई है।" बाईंनी द्वारकाधीश सगळं ठीक करेल असा धीर दिला आणि द्वारकेत माझ्यासाठी वेगळी प्रार्थना करायचं कबूल केलं. खरं सांगायची ती पहिली संधी होती. मी फिल्म परत फाइलमध्ये ठेवली.

मिठागर

स्टेशनवर मंदाचा नवरा जयेशभाई मोटरसायकल घेऊन आला होता. तो मिठागरातल्या पंपांची देखभाल करतो. गुजराती माणूस, पण मराठी मंदाकडून शिकलेला, आणि मंदा खाप्याची. "काका, बसा गा. सामान मले द्या," असं तो म्हणाला तेव्हा मला क्षणभर वाटलं, मी सावनेरच्या बसस्टॅंडवर उतरलो की काय.

मंदा दारात उभी होती. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय. ती पाया पडली. मी पाय मागे घ्यायला हवे होते.

जेवायला बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, ताक आणि डाळ. डाळीत गूळ. मी पहिल्या घासाला थांबलो ते पाहून ती उठली आणि भिवापुरी तिखटाची बरणी घेऊन आली. "आई पाठवते. याच्याशिवाय मले अजूनबी जेवण जात नाही. तीस वर्षं झाली, गोड डाळ खाऊन राहिली मी."

जयेशभाई म्हणाला, "आणि मी तीस वर्षं डोळ्यातून पाणी काढून राहिलो."

दुपारी ती मला मिठागर दाखवायला घेऊन गेली. मी पहिल्यांदाच पाहिलं. मैलभर पसरलेले चौकोनी वाफे, आपल्याकडे धानाचे बांध असतात तसे बांध, पण हिरवं काहीच नाही. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात, ते घट्ट होत जातं, रंग बदलतं, शेवटी गुलाबीसर दिसतं. बगळे आणि रोहित पक्षी त्यात उभे होते. मंदाचं काम मीठ तपासायचं. मॅग्नेशियम जास्त राहिलं की मीठ पावसाळ्यात पाझरतं, तो माल ती परत धुवायला पाठवते. "समुद्राचीच केमिस्ट्री आहे, काका. तेव्हा जुना समुद्र होता, आता ताजा."

ती हसत बोलली. मला बांधावर नीट चालता येईना. एक पाय घसरून वाफ्यात गेला आणि चप्पल चिखलात राहिली. एका मजूर बाईने ती ओढून काढली. पँट वाळली तशी गुडघ्यापर्यंत पांढरी झाली आणि उभी केली तर उभी राहील इतकी कडक झाली. जयेशभाईने ती भिंतीला टेकवून खरंच उभी केली.

त्यांच्या गल्लीतल्या जुन्या भिंती प्रवाळाच्याच दगडाच्या आहेत. आपल्याकडे काळा दगड, इथे हा पिवळट, आणि त्यावर चांदण्यांसारखे ठसे. कुणाच्या भिंतीत ठसा आडवा, कुणाच्या उलटा. गवंड्याला त्याने काय फरक पडतो. मी प्रत्येक भिंतीपाशी थांबत होतो. मंदाला वाटलं, मला कौतुक वाटतंय.

त्या दिवशी मी सांगितलं नाही. जेवणानंतर सांगू म्हटलं, तर जयेशभाईने टीव्ही लावला. मला बरंच वाटलं.

खडकावर

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मंदाने सुट्टी घेतली होती. तिला वाटत होतं, आधी खडक पाहू, मग मला दर्शनाला नेऊ. जयेशभाईने आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. वनखात्याच्या चौकीवर तिने नाव लिहिलं. तिथला माणूस तिला ओळखत होता. इथून आता काहीही उचलता येत नाही, खडाही नाही, असं त्याने मला बजावलं.

जिवंत प्रवाळ पाण्याखाली आहेत. जुने वर, भरतीही पोचत नाही अशा उंचीवर. ताटाएवढे, परातीएवढे गोल, एकमेकांना चिकटून, जिथे वाढले तिथेच दगड झालेले. लाटांनी मधोमध कापलेल्यांच्या आत रेघा दिसतात. वारा जोरात होता आणि फेब्रुवारी असूनही ऊन टोचत नव्हतं. नागपुरात या दिवसांत दुपारी डोक्याला रुमाल लागायला सुरुवात होते.

मंदा एका मोठ्या प्रवाळापाशी जाऊन उभी राहिली. त्याच्या कडेला छिन्नीने काढलेला खड्डा होता. "हा पाहा काका, माझा. इथूनच काढला होता. मी कधीकधी येते, पाहून जाते."

मी एका दगडावर बसलो. नंतर बसणं बरोबर वाटेना म्हणून उभा राहिलो.

"मंदा, तुहा काप माह्या हातून पडला होता," मी म्हणालो. "मारबतीच्या दिवशी. तीन तुकडे झाले. मी चिकटवले. मधला उलटा लागला."

ती खड्ड्याकडेच पाहत होती. मग विचारलं, "मधला पूर्ण?"

"पूर्ण."

"किती पट्टे होते त्यात?"

"नऊ."

तिचे ओठ हलायला लागले. ती मोजत होती. बोटाने हवेत एक रेघ काढली, मग ती पुसून दुसरी काढली. "म्हणून वर चढला," ती म्हणाली. "तो चढत नव्हताच. उतरूनच राहिला होता." तिचा चेहरा उजळला. मी तो तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मग तो विझला. "तुम्हाले कसं समजलं, उलटा लागला म्हणून?"

"फिल्म पाहिली."

"कोणती?"

"तुझी. प्रवाळ भोयर. सर तुले बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी घरी नेली. घेऊन आलो आहे, पिशवीत आहे."

ती बोलली तेव्हा आवाज वाढवला नव्हता.

"मी दोन दिवस फिल्म शोधली, काका. तुम्ही माह्यासोबत होते. तुम्ही माह्यासोबत प्रयोगशाळेतलं कपाट हलवलं. त्याच्याखालची धूळ झाडली. मले म्हणाले, रडू नको वं, भेटते."

हे मी विसरलो नव्हतो. पण मी ते सांगणार नव्हतो. तीस वर्षं मी स्वतःला जी हकिकत सांगत आलो तीत काप पडणं होतं, फिल्म नेणं होतं, ते कपाट हलवणं नव्हतं.

"काप पडला म्हणून सांगतलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "दुसरा काढला असता. दगड काय कमी आहे इथे? काहून नाही सांगतलं?"

"कायम करणार होते मले."

"झाले?"

"झालो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पिशवीतून फाइल काढून घेऊन चौकीच्या दिशेने चालायला लागली. मी मागे निघालो, पण त्या खडकावर मला तिच्या वेगाने चालता येईना. मी पोचलो तेव्हा ती निघून गेली होती; चौकीतल्या माणसाने मला पाणी दिलं. तासाभराने जयेशभाई एकटाच आला. त्याला कळलं होतं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, 'बसा गा'सुद्धा नाही.

वही

घरी मंदा जमिनीवर बसली होती. माळ्यावरची पेटी खाली काढलेली, तिच्यातली जाड वही उघडलेली. फिल्म खिडकीच्या गजांना दोन चिमट्यांनी लावली होती. ती आलेखाच्या कागदावर ठिपके देत होती. नऊ वर्षांचे आकडे ती वहीतून खालून वर वाचत होती आणि वरून खाली मांडत होती. मी दारात उभा राहिलो. ये म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही.

ठिपके संपले तेव्हा तिने पट्टी न लावता, हातानेच रेघ काढली. समुद्र पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्यापर्यंत हळूहळू निवत गेला होता. हिवाळे उन्हाळे आपले जागच्या जागी. दोन्ही जोडांपाशी थोडी जागा रिकामी होती, करवतीने खाल्लेली. धक्के कुठेच नव्हते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातला उतार तिला पाठ होता. तिने तो शेजारी काढला. दोन्ही रेघा सारख्या होत्या.

"जयेश, पाहा," ती म्हणाली. "आकडे बरोबर होते."

"मी कधी नाही म्हटलं?" तो म्हणाला.

"तू नाही म्हटलं." मग ती माझ्याकडे पाहून बोलली. "बाबा दुकानात बसत. गिऱ्हाईक विचारे, पोरीले काढून टाकलं म्हणते, काय केलं होतं? खाप्यात कोणी म्हणे खोटी डिग्री, कोणी म्हणे पेपर चोरला. बाबांनी पाच वर्षं काही नाही विचारलं. शेवटच्या दुखण्यात विचारलं. मंदा, खरं सांग, तू लिहिले होते का आकडे? मी म्हटलं, नाही बाबा. ते म्हणाले, बरं. त्यांनी मानलं का नाही मानलं, मले आजपर्यंत माहीत नाही."

मी माफ कर म्हणालो. तिने ऐकलं आणि वही बंद केली. जेवायला वाढलं, तिखटाची बरणीही समोर ठेवली.

पत्र

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं. संस्थेला पत्र लिहा, तुमच्या हस्ताक्षरात, म्हणाली. मी लिहिलं. ती वाचत होती. मी लिहिलं होतं, "माझ्या नजरचुकीने काप तुटला, तुकडा उलटा लागला व फिल्म माझ्याकडे राहिली."

तिने पेन घेऊन शेवटचा भाग खोडला. "तुटला नजरचुकीनं. तुकडा न समजता लावला. फिल्म नजरचुकीनं नाही राहिली. नेली."

मी दुसरा कागद घेतला. नेली असं लिहिलं. कपाट हलवल्याचंही लिहिलं. ते तिने सांगितलं नव्हतं. वाचताना तिथे ती थांबली, पण खोडलं नाही. पत्रासोबत आलेखाची आणि वहीच्या पानांची प्रत जोडली. फिल्म तिने स्वतःकडे ठेवली. डिग्रीबद्दल मी विचारलं तर म्हणाली, "या वयात डिग्री घेऊन मीठ जास्त खारट होणार आहे का? पण ते प्राध्यापक पोरांना जे सांगून राहिले ना, ते बंद झालं पाहिजे."

निघताना मी फोनवर तिच्या आईशी बोलू का असं विचारलं. "फोनवर नाही," ती म्हणाली. "खाप्याले जा. समोर बसून सांगा. आणि दर्शन?"

मी म्हणालो, दर्शनाला आलोच नव्हतो.

"ते समजलं," ती म्हणाली. जयेशभाईने मला स्टेशनवर सोडलं. गाडी हलली तेव्हा त्याने हात वर केला. एवढंच.

खापा

घरी आल्यावर मुलाला आणि सुनेला बसवून सगळं सांगितलं. सून म्हणाली, "म्हणजे प्रसाद नाही आणला?" मग तिचं तिलाच वाईट वाटलं. मुलगा म्हणाला, त्याला लहानपणी ती फिल्म कपाटामागे दिसली होती. आजोबांच्या छातीची असेल असं समजून त्याने हात लावला नव्हता.

पत्र मी स्वतः विभागात नेऊन दिलं आणि पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापकाला मी पत्राची प्रत हातात दिली. त्याने ती उभ्यानेच वाचली, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाला, "काटोलकर, हे तुम्ही आता सांगता?" मी हो म्हणालो.

दोन दिवसांनी सकाळच्या बसने खाप्याला गेलो. कन्हान नदी उतरली होती, वाळू दिसत होती. भोयरांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, पुढे टीनाचं छप्पर. मंदाची आई ओट्यावर मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. वय पंच्याऐंशीच्या वर, पाठ ताठ. मी नाव सांगितलं, मंदाच्या विभागात होतो म्हणालो. तिने कानाला हात लावला.

"जोरानं बोला जी. मले ऐकू येत नाही."

मी जवळ सरकलो. "वहिनी, मंदाच्या कामाबद्दल सांगायचं आहे."

"मंदा? मंदा तिकडे आहे, गुजरातले."

"माहीत आहे. तिचे आकडे..."

"काय?"

वाटेत बसमध्ये मी सगळं मनाशी जुळवलं होतं, हळू आवाजात कसं सांगायचं ते. त्याचा काही उपयोग नव्हता. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "मंदानं आकडे बनवले नव्हते!"

समोरच्या घराचं दार उघडलं.

"मंग कोणी बनवले?" म्हातारी तेवढ्याच जोरात म्हणाली.

"कोणीच नाही! आकडे बरोबर होते! दगड माह्या हातून तुटला! मी उलटा चिकटवला! आणि पुरावा मी घरी लपवला!"

"तुम्ही?"

"मी!"

"काहून?"

त्याचंही उत्तर ओरडून द्यावं लागलं. नोकरी पक्की होणार होती, असं मी भर गल्लीत ओरडून सांगितलं. सायकलवरचा एक माणूस पाय टेकून थांबला. कुणीतरी विचारलं, "कायचं भांडण होऊन राहिलं?"

म्हातारीने मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता हाकलून देईल, आणि ते मला चाललं असतं. ती भिंतीला धरून उठली, ओट्याच्या कडेला आली आणि समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारली.

"शेवंता! ए शेवंता, इकडे ये वं. सुनेलेबी आण. त्या दुकानवाल्याले बोलाव, त्याचा बाप लय बोलला होता."

शेवंताबाई आल्या, मागून त्यांची सून आली, दुकानातला माणूस वजनाचं माप हातात घेऊनच आला. सायकलवाला उतरला. बाया पदराला हात पुसत ओट्याभोवती उभ्या राहिल्या. म्हातारीने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, कोण आलं आणि कोण राहिलं ते. मग माझा दंड धरून मला ओट्याच्या मधोमध उभं केलं.

"आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "यायनं काहीच ऐकलं नाही."

मी मारबतीच्या सकाळपासून सुरुवात केली. आवाज तेवढाच ठेवला.